पूर्वेची भिंत

"…मग भिंत गेली कुठे?"

शेहरियारने पुन्हा विचारलं.

उस्ताद गोलनार बानू साखरेचा खडा दातांत धरून चहा पीत होत्या. इराणात चहा असाच पितात, खडा दातांत आणि चहा त्याच्यावरून. तोवर बोलता येत नाही. ही सोय पुष्कळ उस्तादांना ठाऊक असावी.

"उत्तरेची आहे, दक्षिणेची आहे, पश्चिमेची आहे," तो म्हणाला. "पूर्वेची नाही. तीन भिंतींचा महाल असतो का कुठे?"

चहा संपला.

"नसतो," उस्ताद म्हणाल्या.

एवढंच.

हे टेकाड इराणच्या फार्स प्रांतातलं, मर्वदश्तच्या मैदानातलं. पर्सेपोलिस तिथून जवळ. त्याला तिथले लोक तख्त-ए-जमशीद म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वी हखामनी राजे सुसा नगरीकडे निघाले की पहिला मुक्काम इथल्या महालात करत, असा उस्तादांचा कयास. या कयासापायी त्यांनी उभं आयुष्य टेकाडावर घातलं. खांबांचे काळे तळखडे काढले, तीन भिंती काढल्या. आता गुडघे गेले होते. हा त्यांचा शेवटचा हंगाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुराणवस्तू खात्याचे अदीबी साहेब यायचे होते. टेकाड पुढे कुणाच्या हवाली करायचं, ते नाव उस्तादांनी त्यांना सांगायचं होतं.

ते नाव आपलंच, याबद्दल शेहरियारच्या मनात शंका नव्हती.

हंगामाच्या सुरुवातीलाच तो म्हणाला होता, "चौथी भिंत मी काढून देतो, उस्ताद. मग टेकाड माझं."

उस्ताद "हं" म्हणाल्या होत्या. त्याने ते वचन धरलं.

शेहरियार पुण्याचा. आजोबा याझ्दजवळच्या खेड्यातून चालत निघालेले, अग्नीची पूजा करणारे जरथुश्ती इराणी. नातू लष्कर भागात वाढला, मराठी शाळेत शिकला, आणि पुराणवस्तूंचं शास्त्र शिकून आजोबांच्या देशात परत आला. पोरगा हुशार होता, मेहनती होता. उन्हातान्हात सगळ्यांच्या आधी चरात उतरायचा. राजांचे शिलालेख त्याला तोंडपाठ होते, आणि ते तो जेवताना म्हणायचा.

खोड एकच. मजूर, स्वयंपाकी, पाण्याचा टँकर आणणारा, सगळ्यांना त्याने कधी ना कधी सांगून झालं होतं की हे माझ्या बापजाद्यांचं आहे. मर्वदश्तची माणसं सभ्य. "आमच्याही बापजाद्यांचं असेल की," असं त्याला कुणी म्हणालं नाही.

उस्ताद आठवडाभर शिराझला होत्या, गुडघ्याच्या डॉक्टरकडे. त्या आठवड्यात शेहरियारने पूर्वेचा चर खणला. महालाच्या आतून सुरू केला आणि पार बाहेर, उघड्या जमिनीपर्यंत नेला. वाटेत भिंत आडवी लागायलाच हवी होती.

लागली नाही.

"कुणी नेली सांगू?" तो म्हणाला.

"सांग."

"सिकंदराच्या सैन्याने."

"सिकंदराला भिंत कशाला हवी होती?"

"जाळायला. पाडायला. तख्त जाळलं, तसं हेही."

"माती जळते?"

"मातीची कशी असेल, उस्ताद?" तो जवळजवळ ओरडलाच. "बाकीच्या तीन असतील मातीच्या. त्या नोकराचाकरांच्या बाजू. ही पूर्वेची! उगवत्या सूर्याकडे तोंड. राजा याच बाजूने आत यायचा. ही दगडाचीच असणार. कोरीव दगडाची. दोन्हीकडे भालेवाले कोरलेले…"

तो बोलता बोलता थांबला. भालेवाले त्याला दिसत होते.

"आणखी कुणी नेली असेल?" उस्तादांनी विचारलं.

"चुनाभट्टीवाल्यांनी. हजार वर्षं इथला दगड भाजून चुना करतायत. मेल्यांनी राजाराणीसुद्धा भट्टीत घातले."

"आणखी?"

"गावकऱ्यांनी. परवा एका अंगणात बघितलं, आपला तळखडा उलटा करून त्यात मसाला कुटत होते. आपला तळखडा, उस्ताद!"

"मसाला चांगला होता?"

तो हसला नाही.

"आणखी?"

"खजिना शोधणारे. रात्री येतात, खड्डे पाडून जातात. सोनं मिळत नाही म्हणून चिडून आणखी खणतात."

"आणखी?"

"आणखी कोण उरलंय?"

उस्तादांनी काठी घेतली आणि उठल्या. उठताना चेहरा आक्रसला. शेहरियार हात द्यायला धावला, तो त्यांनी घेतला नाही.

"पंप आण," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"डाळिंबांवर मारतात तो. औषध काढ, धू, आणि साधं पाणी भर."

शेहरियार मराठीत काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"काही नाही. आमच्याकडे काम सुरू करताना देवाचं नाव घेतात."

"त्या देवाचं नाव तू या आठवड्यात पुष्कळ घेतलंस, असं मजूर सांगत होते."

तो पंप आणायला गेला.

सूर्य खाली आला होता. चर पूर्व-पश्चिम, त्यामुळे ऊन त्याच्यातून सरळ आत शिरत होतं आणि दोन्ही कडांना घासून जात होतं. त्या उन्हात मातीतला बारीकसा खडाही सावली टाकतो. उस्ताद चराच्या काठावर तिपाईवर बसल्या. शेहरियार पंप पाठीला लावून खाली उतरला.

"कुठे मारू?"

"तू जिथे उभा आहेस तिथेच. उत्तरेच्या कडेवर."

तो फवारू लागला.

"हळू. अंघोळ घालायची नाहीये. दव पडतं तसं."

उभी कड भिजली, काळपट झाली.

"काय दिसतं?"

"माती."

"बघ."

"ओली माती."

"बघ."

…

"उस्ताद, मी या कडेवर आठवडाभर…"

"बोलू नकोस. बघ."

तो बघत राहिला. दुसरा काही इलाज नव्हता.

माती वाळायला लागली. सगळी एकदम वाळत नव्हती. आधी एक फिकट रेघ आली, आडवी, बोटाएवढी जाड. तिच्यावर काही अंतर सोडून दुसरी. मग त्या दोघींना जोडणाऱ्या उभ्या रेघा उमटल्या, खालच्या थरात एका जागी, वरच्या थरात थोड्या सरकून. रेघांच्या मधली माती अजून गडद होती, आणि तिचे चौकोन पडले होते.

शेहरियार पुढे वाकला.

"विटा…"



"विटा आहेत. कच्च्या विटा. ही मधली फिकट रेघ म्हणजे गारा, विटा सांधायचा चिखल. बघा, सांधेमोड बघा, उस्ताद, एकही सांधा दुसऱ्यावर आलेला नाही!"

"रुंदी किती?"

त्याने दोन्ही हात पसरले. इकडचं बोट विटांच्या आतच राहिलं, तिकडचंही.

"माझ्या कवेत मावत नाही."

"मागे फीर. आता दक्षिणेच्या कडेवर मार."

या खेपेला त्याने दव पडावं तसंच मारलं. थांबला. या खेपेला 'बघ' म्हणायला लागलं नाही.

तिथेही रेघा आल्या. तेच चौकोन, तीच उंची, तीच रुंदी.

"सापडली!" शेहरियार ओरडला. पंपासकट त्याने उडी मारली. "सापडली, उस्ताद! इकडे पण आहे, तिकडे पण आहे! सरळ रेषेत जातेय! बघा ना, इकडून येते आणि तिकडे…"

"आणि मधे?"

"मधे…"

त्याने उत्तरेची कड बघितली. दक्षिणेची बघितली. मग खाली आपल्या बुटांकडे बघितलं.

चरात वारा नव्हता. वर काठावर उस्तादांच्या काठीखालचं ढेकूळ फुटून खाली आलं, तेवढाच आवाज.

"भिंतीतून बाजूला हो, शेहरियार," उस्ताद म्हणाल्या.

तो बाजूला झाला. अगदी खरोखर, कुणाच्या अंगावर पाय पडल्यासारखा पटकन झाला.

…

"माती फार कडक होती," तो म्हणाला. "मी म्हटलं, पाऊस पडून पडून बसली असेल."

"थापी वापरलीस?"

"थापीला दाद देईना. कुदळ लावली."

"कुदळीने काय काढत होतास?"

"माती."

"कशाला?"

"भिंत शोधायला."

उस्तादांनी मान हलवली. यात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. नव्हता.

"तख्तावर गेला आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"कितीतरी वेळा."

"तिथे आज काय उभं आहे?"

"खांब. दारांच्या चौकटी. खिडक्या."

"एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत काय होतं?"

शेहरियारने डोळे मिटले.

"भिंती."

"कशाच्या?"

"मातीच्या. कच्च्या विटांच्या. दारंखिडक्या दगडाच्या म्हणून राहिल्या, आणि भिंती… मला ठाऊक आहे, उस्ताद. परीक्षेत लिहिलं होतं मी."

"मार्क?"

"पैकीच्या पैकी."

"मग?"

"मग काय… मला खरं वाटलं नव्हतं."

हे तो इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की उस्तादांना हसू आलं. त्यांनी ते पदराआड, म्हणजे डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाआड लपवलं.

कडा वाळत चालल्या होत्या. चौकोन पुसट झाले. फिकट रेघा बाकीच्या मातीत मिसळल्या. बघता बघता पुन्हा नुसती कड उरली, आठवडाभर त्याने बघितली होती तशीच.

"वाळलं की दिसत नाही," शेहरियार म्हणाला.

"नाही."

"म्हणजे उद्या साहेब येतील तेव्हा…"

"उद्या नाही दिसणार."

…

"पंप स्वच्छ धुऊन ठेव," असं म्हणून उस्ताद काठी टेकत राहुटीकडे निघून गेल्या. 

शेहरियार चरातून वर आला आणि मातीच्या ढिगाकडे गेला. चरातून निघालेली माती मजूर तिथे नेऊन टाकत. ढीग चांगला उंच झाला होता. त्याच्याच हुकमाने झाला होता, आणि संध्याकाळी त्याच्याकडे बघून त्याला काम झाल्यासारखं वाटायचं.

त्याने हाताने ढेकळं चाळायला सुरुवात केली. आता ती ढेकळं राहिली नव्हती. याची एक बाजू सपाट होती, त्याचा कोपरा काटकोनात होता. कशात पेंढ्याच्या काडीचा ठसा होता, कशात गारा अजून चिकटलेला होता. एका मोठ्या तुकड्याच्या सपाट बाजूवर कुत्र्याचा पाय उमटला होता. चार बोटं आणि मागची गादी, स्पष्ट. वीट वाळत घातली असताना एक कुत्रं तिच्यावरून चालत गेलं होतं. कुणीतरी त्याला हाकललंही असेल. मग दारयवहु राजा आला आणि गेला, सिकंदर आला आणि गेला, आणि हा पंजा भिंतीच्या आत सुखरूप होता. गेल्या मंगळवारपर्यंत.

शेहरियारला रडू फुटलं. मोठी माणसं रडतात तसा तो रडला, नाक ओढत आणि कुणी येत नाही ना ते बघत.

रडून झाल्यावर माणसाची अक्कल चालायला लागते, आणि ती नेहमी चांगल्याच दिशेने चालते असं नाही.

उद्या साहेबांना सांगायचं, पूर्वेची भिंत मिळाली नाही. जुन्या काळीच कुणीतरी नेली. साहेब मान हलवतील. साहेबांना सिकंदर फार आवडतो, सगळं त्याच्यावर टाकता येतं. उस्ताद काही बोलणार नाहीत. त्यांना सांगायचं असतं तर त्या पंप त्याच्या स्वाधीन करून गेल्या नसत्या. टेकाड त्याला मिळेल. मग पुढे कितीही हंगाम तो थापीने काम करील, कुदळीला हात लावणार नाही, चर उत्तरेला वाढवून भिंतीचा उरलेला भाग नव्याने 'शोधून' काढील. कुणाचं काय नुकसान?

हिशोब चोख होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

पण तोवर अहवालात लिहावं लागलं असतं की या महालाला भिंती तीनच.

तीन भिंतींचा महाल! त्याच्या राजांचा! हे वाक्य आपल्या हाताने लिहायचं, ही कल्पनाच त्याला सोसेना. लोक म्हणतील, बांधता येत नव्हतं त्यांना. म्हणतील, एक बाजू उघडीच ठेवत असतील, गोठ्यासारखी. शेहरियारचा अभिमान होता तेवढाच होता, तसूभरही उतरला नव्हता. त्या अभिमानापायीच त्याने भिंत खणली होती, आणि आता तोच अभिमान त्याला स्वस्थ बसू देईना.

उजाडायच्या आत तो चरात उतरला.

अदीबी साहेब घाईत आले. खात्याचे साहेब घाईतच जन्माला येतात. बूट चकचकीत होते, आणि टेकाड चढताना ते बुटांकडेच बघत होते.

"बानू, तब्येत काय म्हणते? बरं बरं. दुपारी शिराझला बैठक आहे. तर चौथी बाजू?"

उस्तादांनी काठी शेहरियारकडे केली.

तो चरात उभा होता. रात्री झोपला नव्हता हे दिसतच होतं. दोन्ही कडा त्याने थापीने पुन्हा तासल्या होत्या, आणि फिकट रेघा जिथे जिथे उमटल्या होत्या तिथे थापीच्या टोकाने बारीक ओरखडा काढला होता. वीट न् वीट वेगळी दिसत होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत त्याने दोन पांढऱ्या दोऱ्या ताणल्या होत्या, भिंतीच्या दोन बाजूंच्या रेषेत. मधे पोकळी.

"साहेब, ही पूर्वेची भिंत," शेहरियार म्हणाला.

"कुठे आहे?"

"इकडे आहे, आणि तिकडे आहे."

"आणि ही मधली?"

"मधली मी खणून टाकली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

टेकाडावर उस्तादांची एक शिस्त होती. पूर्वी कुणी पाडलेला खड्डा दिसला की तिथे पाटी लावायची, कुणाचा आणि कुठल्या काळातला. 'चुनाभट्टीवाले.' 'खजिना शोधणारे.' अशा पाट्या जागोजाग होत्या. साहेबांना त्या ठाऊक होत्या. दोन दोऱ्यांच्या मधेही आज एक पाटी लटकत होती. साहेब वाकून वाचू लागले. तिच्यावर 'शेहरियार, पुणे' असं लिहिलं होतं, आणि खाली या वर्षाचा आकडा.

"हा काय प्रकार आहे?"

"खड्डा कुणाचा ते लिहिलंय, साहेब."

"अरे पण…"

"थांबा, आधी भिंत बघा." शेहरियारने पंप उचलला आणि दोन्ही कडांवर पाण्याचा बारीक फवारा मारला. "पहिली नजर भिंतीवर जाऊ दे, मग माझ्यावर. आत्ता दिसेल. ऊन त्या बाजूचं आहे, तुम्ही जरा इकडे या… हां, इथून. आता बघा!"

रेघा वर आल्या.

साहेब घाई विसरले. निदान काही क्षण तरी विसरले.

"सांधेमोड बघा! पेंढ्याच्या काड्या बघा, एवढ्या वर्षांनी ठसे शाबूत आहेत. रुंदी बघा. मी कवेत घ्यायला गेलो, मावली नाही. आणि हे बघा." त्याने गोणपाटावर ठेवलेला तुकडा दोन्ही हातांनी उचलला. "कुत्रं चालून गेलंय. कुत्र्याचा पाय उमटला म्हणून वीट टाकून दिली नाही त्यांनी. राजाच्या बाजूला बसवली!"

त्याचा आवाज चढला होता. मजूर कामं सोडून काठावर जमले. तो कुणाकडे बघत नव्हता.

"साहेब, यांच्याकडे सोनाराला मिसर देशाहून आणायची ऐपत होती. विटा पाडायला बाबिलची माणसं होती. लाकूड लबनानच्या डोंगरावरून यायचं. वाट्टेल तो दगड हाताशी होता. आणि राजा उगवत्या सूर्यासमोर ज्या भिंतीतून आत जायचा ती कसली? मातीची! याच मैदानातली माती, याच ओढ्याचं पाणी. मला वाटायचं, मातीची असेल तर कमीपणा. आयला, कमीपणा! अडीच हजार वर्षं उभी होती ती जमिनीखाली. सिकंदराला जमली नाही पाडायला. चुनाभट्टीवाल्यांना जमली नाही. एकट्या मला जमली."

…

"तू कबुली देतोयस की मिरवतोयस?" अदीबी साहेबांनी विचारलं.



"दोन्ही, साहेब."

मजुरांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी वर बघितलं, तसं हसू थांबलं.

साहेब उस्तादांकडे वळले. आवाज खाली आणला, पण चरात उभ्या माणसाला ऐकू जाईल इतपतच आणला.

"बानू, हे मला वर सांगावं लागेल."

"सांगा."

"नाव कुणाचं घालायचं मग? तेहरानला एक गृहस्थ आहेत. नावावर एक डाग नाही. वीस वर्षांत त्यांच्या हातून एक वीट फुटलेली नाही."

"खणतात कुठे?"

"खणत असे नाहीत. लेख लिहितात. पण फार जपून लिहितात."

 उस्ताद चरातल्या शेहरियारकडे बघत होत्या. तो पंजा उमटलेली वीट गोणपाटात गुंडाळत होता. साहेबांकडे त्याची पाठ होती. टेकाड आपल्या हातून गेलं हे त्याने मनाशी धरलंच होतं, आणि तरी मान ताठ होती. वीट गुंडाळून झाल्यावर त्याने गाठ मारली, सोडली, आणि पुन्हा नीट मारली.

"तेहरानच्या गृहस्थांना कळवू?" साहेबांनी घड्याळ बघितलं.

"नको."

"मग?"

"याचंच नाव घाला."

साहेबांना वाटलं, म्हातारीने नीट ऐकलं नाही.

"बानू, याने भिंत फोडलीये. स्वतः सांगतोय. पाटी लावलीये!"

"वाचली मी."

"चारांपैकी एक याने खाल्ली. आता उरलेल्या तीन तुम्ही याच्याच हातात देताय? मला वर विचारलं तर मी काय उत्तर देऊ?"

चरात शेहरियारचे हात थांबले.

उस्तादांनी काठी दोन्ही हातांनी धरली आणि तिच्यावर भार टाकून त्या उभ्या राहिल्या. पश्चिमेची, उत्तरेची, दक्षिणेची, तिन्ही भिंतींवरून त्यांची नजर सावकाश फिरली.

"सांगा," त्या म्हणाल्या, "उरलेल्या भिंती कुणापासून जपायच्या, ते या टेकाडावर आता फक्त त्यालाच ठाऊक आहे."